गरोदरपणातला घरगुती डबा : पाच महिन्यांचा अनुभव

कोथरूडमधल्या एका घरगुती स्वयंपाकघरातून खास गरोदर स्त्रियांसाठी निघणारा डबा मी चौथ्या महिन्यापासून घेत आहे. आता नववा लागला आहे, त्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

डबा लावण्यामागे माझे एक घरगुती कारण होते. माझे वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, आणि १९७२ च्या दुष्काळात ते आजीच्या पोटात होते. या दोन गोष्टींची सांगड मी माझ्यापुरतीही ठामपणे घालू शकत नाही, पण प्रश्न मनातून जात नाही. डेव्हिड बार्कर या ब्रिटिश वैद्यकीय संशोधकांनी १९८९ मध्ये इंग्लंडमधील हर्टफर्डशायरच्या जुन्या जन्मनोंदी तपासून दाखवले होते, की जन्मतः आणि वर्षाच्या वयाला वजन कमी असलेल्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते. पोटात अन्न कमी पडले की गर्भ मेंदू जपतो आणि मूत्रपिंडासारख्या अवयवांची वाढ आखडती घेतो, आणि त्याचा परिणाम पुढे रक्तदाबावर होऊ शकतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या गावांतील मातांचा जो अभ्यास केला, तो मला अधिक जवळचा वाटतो. तिथली बाळे दिसायला किडकिडीत, पण त्या मानाने अंगात चरबी बाळगणारी निघाली. आणि ज्या मातांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या आणि फळे वारंवार असत, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. म्हणूनच डबा उघडला की माझी नजर आधी भाजीवर जाते.

या बाबतीत हा डबा खरोखर चांगला आहे. तीन पुडांच्या डब्यात ज्वारीची भाकरी, उसळ किंवा वरण, आणि आठवड्यातून निदान चार दिवस पालेभाजी असते. राजगिऱ्याची भाजी लोखंडी कढईत, ठेचलेल्या लसणाच्या फोडणीत केलेली असते आणि कडेला लिंबाची फोड असते. ती लोह अंगी लागावे म्हणून, हे डबा करणाऱ्या काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितले. सोबत दही आणि एक फळ, बहुधा पेरू. मी शाकाहारी असल्याने बी-१२ चा प्रश्न काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, दह्यावर भागवू नका, डॉक्टरांना विचारून गोळी घ्या.” आपल्या डब्याची मर्यादा इतक्या सरळपणे सांगणारी माणसे थोडी असतात.

उणिवाही आहेत. पावसाळ्यात सलग आठ दिवस बटाटा आणि कोबी आला, आणि एकदा चाकवतात कचकच लागली. साजूक तूप आणि डिंकाचे लाडू यांचा हात फार सढळ आहे. सहाव्या महिन्यात माझी साखर काठावर आल्यावर मी लाडू बंद करायला सांगितले, तरी आठवडाभर ते येतच राहिले. आईची वाढलेली साखरही बाळाच्या पुढच्या आरोग्याला बाधक ठरू शकते, त्यामुळे ही चूक मला किरकोळ वाटली नाही. सर्वांत खटकते ते माहितीपत्रकावरचे ‘बाळाच्या निरोगी हृदयाची हमी’ हे वाक्य. आहाराने शक्यता बदलते, पण मोठेपणीचे हृदय वजन, तंबाखू, श्रम, रक्तदाब अशा कितीतरी गोष्टींवर अवलंबून असते. अशी हमी कोणत्याही डब्याला देता येणार नाही. मी हे काकूंच्या कानावर घातले आहे, पण पत्रक अजून तेच आहे.

महिन्याचे साडेसहा हजार रुपये लागतात, रविवारी सुट्टी असते आणि डबा साडेबाराच्या आत हातात पडतो. बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्याचा डबाही मी यांच्याकडेच सांगून ठेवला आहे. फक्त लाडू दिवसाला एकच पाठवा आणि पालेभाजी चुकवू नका, असे बजावले आहे.