निपाणीला रेल्वे स्टेशन नाही, हे मला माहीत होतं

डेटिंग ॲपवर भेटलेल्या एका मुलीच्या नादात फसलो. एकूण दिले ४,४९,५०० रुपये. त्यातले ११,८०० त्या ठगांनीच परत केले होते, म्हणजे निव्वळ गेले ४,३७,७००. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने पहिल्यांदा तोच विचारला. दुसरा प्रश्न, "तुला कळलं कसं नाही?" त्याचं उत्तर द्यायला हे लिहितोय.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर आहे. वय ३६. गाव बेळगावच्या पश्चिमेला, कर्नाटकातच, पण महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीला लागून. भात आणि रताळी पिकवणारी दीड एकर जमीन, घरात मी आणि आई. लग्न का झालं नाही हे आमच्या भागातल्या पोरांना सांगायला नको. मुलीकडचे पहिल्यांदा विचारतात पर्मनंट आहे का, मग पुण्यात फ्लॅट आहे का, आणि चहाचे कप धुऊन होण्याआधी "कळवतो" म्हणून निघतात. मामाने आणलेली ११ स्थळं अशीच "कळवतो" म्हणून गेली. वधू-वर मेळाव्याला दोनदा जाऊन आलो, तिथं एका मुलीमागे बायोडाटा घेतलेले वीस जण. शेवटी वर्कशॉपमधल्या एका पोराने फोनवर ॲप टाकून दिलं. त्याचं जमलं होतं, खरंच जमलं होतं, गडहिंग्लजची मुलगी, गेल्या वर्षी लग्नाला जाऊन जेवून आलोय. तेव्हा ॲप म्हणजे सगळंच खोटं, असं मला कुणी शिकवू नये.

तिच्या प्रोफाइलवर लिहिलं होतं: मूळ गाव निपाणी, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र. नोकरी पुणे.

इथंच थांबायला हवं होतं. निपाणी बेळगाव जिल्ह्यात आहे, कर्नाटकात, १ नोव्हेंबर १९५६ पासून. पण मी कसा विचार केला ते सांगतो, आणि सीमाभागातला माणूस असाल तर तुम्हीही तसाच केला असता. मला वाटलं, काय जिद्दीची मुलगी आहे! येळ्ळूरच्या लोकांनी वेशीवर "महाराष्ट्र राज्य" असा फलक लावला होता, २०१४ साली सरकारने तो पाडला, तेव्हा मी तिथं होतो. आमच्या घरात काळ्या दिनाला, म्हणजे १ नोव्हेंबरला, चूल उशिरा पेटते. आणि इथं एक पोरगी डेटिंगच्या ॲपवर बिनधास्त जिल्हा कोल्हापूर लिहिते! मी पहिला मेसेज केला तोच "जय महाराष्ट्र". तिने हात जोडल्याची चित्रं पाठवली. तिला माहीतच नव्हतं हो निपाणी कुठं आहे. नकाशावरून एक नाव उचललं होतं, आणि त्या चुकीवरच मी भाळलो.

आठवड्याने विचारलं, निपाणीत घर कुठं? म्हणाली, "स्टेशनजवळ." निपाणीला रेल्वेच नाही. मी शाळेत असल्यापासून तिथली रेल्वे नुसती मागणीत आहे. आणि निपाणीचा माणूस बसच्या जागेला स्टँड म्हणतो, स्टेशन म्हणत नाही. मी मनातल्या मनात तिच्या वतीने दुरुस्ती केली: बसस्टेशन म्हणायचं असेल, पुण्यात राहून भाषा बदलली असेल. तिचं मराठीही तसंच गुळगुळीत होतं, कधी "काय गा" नाही की "व्हय" नाही. मला ते शिकलेलं वाटलं.

निपाणी इथून दीड तासाची बस. पूर्वी स्थळ आलं की मामा न सांगता त्या गावात जायचा, स्टँडवरच्या टपरीत चहा घ्यायचा आणि घराणं कसं, कर्ज किती, पोराला दारू आहे का, सगळं तिथंच काढून आणायचा. मला ती पद्धत गावंढळ वाटायची. एका बसच्या तिकिटात जे कळलं असतं त्यासाठी साडेचार लाख मोजले.

पुढचं तुम्हाला पाठ असेल, भराभर सांगतो. बारा दिवसांत ॲपवरून व्हॉट्सॲपवर, तिथून टेलिग्रामवर. ("ॲपवर नोटिफिकेशन येत नाही." असं म्हणणारं कुणीही असो, तिथंच सोडा.) व्हिडिओ कॉल केलाच नाही असं समजू नका, दोनदा झाला. फोटोतलाच चेहरा, अर्ध्या मिनिटात "रेंज गेली". त्यावरून आता कशाचीच खात्री धरू नका, चेहराही बनवता येतो. सेकंड शिफ्टला रात्री साडेनऊला, डबा उघडायच्या वेळेला, न चुकता मेसेज यायचा, "जेवलास का?" आई सोडून मला हे विचारणारं कुणी नव्हतं. हात कूलंटने चिकट असायचे, ते पुसून मी आधी उत्तर लिहायचो, मग भाकरी. कदाचित तो मेसेज एकाच वेळी पन्नास जणांना जात असेल. तरी साडेनऊला अजून हात खिशाकडे जातो.

पैसे तिने मागितलेच नाहीत. हेच लोकांना पटत नाही. "हॉल, दागिने, सगळं दोघांनी मिळून करू, मामांवर, बाबांवर भार नको," म्हणाली, आणि स्वतः कुठं गुंतवते ते ॲप दाखवलं. डिजिटल चलनाचं ट्रेडिंग. आधी १०,०००. चार दिवसांत ११,८०० खात्यात परत, खरेखुरे, एसएमएससकट. मग ५०,०००. मग बचतीतले १,३५,०००, दोन दिवसांत, कारण यूपीआयची दिवसाची मर्यादा लाखाची. मग आईची बोरमाळ आणि पाटल्या गहाण टाकून १,८०,०००. प्रत्येक वेळी खातं वेगळं, नाव वेगळं. एक तर कुठल्याशा फळविक्रेत्याचं होतं. ट्रेडिंग कंपनीचे पैसे फळवाल्याच्या खात्यात का, हे मी विचारलं. उत्तर आलं, "कंपनीचे एजंट आहेत." पटलं. ॲपमध्ये माझी रक्कम हिरव्या अक्षरांत ७,४५,००० दिसत होती, तेव्हा काहीही पटतं.

काढायला गेलो तर आधी दहा टक्के कर भरा, ७४,५०० रुपये. मी पेपर वाचणारा माणूस आहे. २०२२ पासून असल्या कमाईवर सरकारचा कर ३० टक्के, हे मला ठाऊक होतं. आणि मी काय म्हणालो? स्वस्तात सुटलो! कर नफ्यावर लागतो, तो आपण सरकारच्या खात्यात भरतो, पैसे सोडवायला कुणा खासगी माणसाला देत नाही, हे डोक्यात आलंच नाही. भरले. दुसऱ्या दिवशी ॲप उघडेना. टेलिग्रामवरचा तिचा फोटो गेला. रागात मी अर्धं चॅट पुसलं. तुम्ही पुसू नका, एक ओळसुद्धा. तोच पुरावा.

आता सरकारी कथा. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. माझं सिम चंदगडच्या बाजारात घेतलेलं, फोन लागला महाराष्ट्रात. तिकडच्या बाईंनी आपुलकीने ऐकून घेतलं आणि पत्ता विचारल्यावर म्हणाल्या, "तुम्ही कर्नाटकात येता." ७० वर्षं आम्ही ओरडतोय की आम्ही महाराष्ट्रात येतो, आणि नेमकं त्या दिवशी महाराष्ट्राने सांगितलं! सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकेपर्यंत पाच तास गेले. पहिला तास महत्त्वाचा असतो. त्यात फोन झाला तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडकू शकतात.

पोलीस ठाण्यात गेलो. एकाने सांगितलं, तुमचं गाव ग्रामीणमध्ये, जिल्हा पोलिसांकडे जा. तिथं म्हणाले, पैसे पाठवले तेव्हा तुम्ही उद्यमबागेत होता, ते शहर आयुक्तालयात. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. हे मी तिथं म्हणालो तर साहेब हसले. "एवढा कायदा माहीत होता तर पैसे कसे दिले?" ठाण्यातली सगळी हसली. कोपऱ्यात बसलेला एक आरोपीसुद्धा. तिसऱ्या खेपेला लिहून घेतलं, कानडीत. मला कानडी बोलता येतं, पण माझी शाळा मराठी, वाचताना अडखळतो. काय लिहिलंय ते न कळता सही केली. वाचून दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, म्हणा.

बँकेची तऱ्हा वेगळी. १,८०,००० मी शाखेत फॉर्म भरून पाठवले होते. अनोळखी खातं, गहाणाचे ताजे पैसे, काउंटरवरून एक शब्द नाही, ठप्पा आणि पुढचा. केवायसीसाठी मात्र वर्षात तीनदा बोलावतात. आता म्हणतात, "व्यवहार तुम्हीच केलात." केलाच. मी कुठं नाही म्हणतोय?

त्यात एकाचा फोन आला, सायबर विभागातून बोलतोय, ९,००० भरा, रक्कम सोडवून देतो. तक्रारीनंतर असे फोन येतातच. मी भरणार होतो, खोटं कशाला बोलू. खात्यात ६४० रुपये होते म्हणून वाचलो.

इतक्या महिन्यांत एका खात्यात २१,३०० रुपये गोठवलेत. ते मिळतील म्हणे. गहाणाचं व्याज महिन्याला १,६२० चालूच आहे. आईला सांगितलंय की बोरमाळ लॉकरमध्ये आहे. तुळशीचं लग्न झालं की मावशीच्या नातीचं लग्न आहे, आई कालच म्हणाली, "आन की रं ती बोरमाळ, एकदा उजळून घेऊ."

परवा ठाण्यातून फोन आला. चॅट मराठीत आहे, कानडी भाषांतर जोडा. टायपिंगवाल्याने पानं मोजली, पुसून उरलेली १४०. पानाला २०० रुपये. म्हणजे २१,३०० सोडवायला २८,०००. आणि भाषांतर करणारे गुरुजी आमच्याच पाहुण्यांतले, भजनाला आईच्या शेजारी बसतात. ते चष्मा लावून माझं "तू जेवलीस का गं" कानडीत करणार.

सहा पानं निवडून दिलीत. फक्त आकड्यांची.