ग्वातेमालाच्या पोलीस दप्तराचे डिजिटल अभिलेखागार: एका वापरकर्त्याचा अभिप्राय

टेक्सास विद्यापीठाने डिसेंबर २०११ मध्ये खुले केलेले ग्वातेमालाच्या राष्ट्रीय पोलिसांचे डिजिटल अभिलेखागार विनाशुल्क आहे. मात्र मध्य अमेरिकेतल्या या देशात यादवी युद्धाच्या काळात (१९६०–१९९६) पोलीस-लष्कराने पकडून नाहीसे केलेल्या, म्हणजे बेपत्ता, माणसाचे नाव इथे टाकले की त्याची फाइल समोर येईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

जुलै २००५ मध्ये ग्वातेमाला सिटीत स्फोटकांच्या साठ्याची पाहणी करायला गेलेल्या मानवाधिकार कार्यालयाच्या लोकांना, असे दप्तर अस्तित्वातच नाही असे सरकार ज्याबद्दल सांगत आले होते, त्याच कागदांचे ओलसर ढीग सापडले. एकूण पाने सुमारे आठ कोटी. त्यांपैकी जवळपास एक कोटी पानांच्या प्रतिमा सुरुवातीलाच संकेतस्थळावर आल्या. मांडणी विषयवार नाही, तर पोलिसांच्या ज्या शाखेत कागद तयार झाला त्या शाखेनुसार आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे रुमाल (कापडी गाठोडी) सोडून बसलेल्यांना ही शिस्त परकी वाटणार नाही.

पहिल्या भेटीत मांडणीचा वैताग येतो. तरीही माझ्या मते तीच या सेवेची सर्वांत मोलाची बाजू आहे, कारण कागद कोणाच्या सहीने निघाला, प्रत कोणाला गेली आणि आवक-जावकचा शिक्का कोणत्या टेबलावर बसला, यावरूनच हुकमाची साखळी जुळते. कामगार पुढारी एदगार फर्नांदो गार्सिया यांना १८ फेब्रुवारी १९८४ रोजी पकडून नाहीसे करण्यात आले. त्या कारवाईबद्दल चार पोलिसांची पदकासाठी शिफारस झाल्याचे कागद याच दप्तरात निघाले आणि २०१० मध्ये त्यांतील दोघा पोलिसांना प्रत्येकी ४० वर्षांची शिक्षा झाली. आपण छळ केल्याची कबुली कोणी लिहून ठेवत नाही; बक्षिसाचा प्रस्ताव मात्र चोख लिहिला जातो. शिक्षा सुनावली गेली तेव्हाही गार्सिया यांचा ठावठिकाणा लागलेला नव्हता.

कागद थांबतो तिथून पुढे जायला जमीनच उकरावी लागते, आणि त्यासाठी हे संकेतस्थळ पुरेसे नाही. कोमालापा येथील जुन्या लष्करी तळावर ग्वातेमालाच्या न्यायवैद्यक मानवशास्त्र प्रतिष्ठानाने (पुरलेल्या मृतांची ओळख पटवणारी संस्था) २००३ ते २००५ या काळात २२० जणांचे अवशेष बाहेर काढले. त्यांतील दोघांची ओळख २०११ मध्ये डीएनए चाचणीने पटली आणि ते १९९९ मध्ये उजेडात आलेल्या, नाहीशा केलेल्या १८३ जणांच्या नोंदी असलेल्या लष्करी रोजनाम्यातले निघाले. त्या रोजनाम्यात ठार केल्याची खूण म्हणून ‘३००’ हा आकडा आहे. तो रोजनामा पोलीस दप्तराचा भाग नाही. त्यामुळे अभ्यासकाने दोन्ही साधने शेजारी ठेवूनच काम करावे.

संकेतस्थळाचा पडदा इंग्रजीतही दिसतो, पण कागद सगळे स्पॅनिशच आहेत. भाषा येत नसल्यास जाणकार सोबत घ्यावा, आणि पोलीस खात्याच्या शाखांचा तक्ता आधी वहीत उतरवून घ्यावा. त्याशिवाय पहिला आठवडा नुसता भटकण्यात जाईल.