नेरूळचा क्रिकेट क्लास, पोरीपेक्षा आम्हालाच जास्त कोचिंग

2 नोव्हेंबर 2025 ला इथेच डी. वाय. पाटीलवर आपल्या पोरींनी साउथ आफ्रिकेला 52 रन्सनी हरवून वर्ल्ड कप उचलला आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या आमची म्हणाली, बाबा मला क्लास लाव. घराजवळच एक सापडला, चार महिने झाले म्हणून लिहितोय.

पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्या पालकांना दोरीच्या बाहेर बसवलं, टाळ्या कितीही वाजवा पण सूचना द्यायच्या नाहीत. मला रागच आला, फी आपण भरायची आणि गप्पही आपणच बसायचं? मग एका प्रॅक्टिस मॅचला राहवलं नाही, जोरात ओरडलो "अगं पाय पुढे टाक", तर ती बॉल सोडून माझ्याकडेच बघायला लागली आणि दांडी गुल! सर काहीच बोलले नाहीत, नुसते हसले, ते जास्त लागलं.

आता स्कूटरवर येताना मी मॅचचा विषयच काढत नाही. वडापाव अर्धा संपला की तीच सुरू होते, कोणी कॅच सोडला, कोणाची बॅट नवीन, आपण फक्त हं हं करायचं.

महागडं किट लगेच घ्यायला लावत नाहीत हे बेस्ट. पण रविवारी गर्दी फार, नेटमध्ये नंबर यायला अर्धा तास, आणि प्यायच्या पाण्याची सोय शून्य, दोन बाटल्या घरूनच न्या. त्याचा एक स्टार कापलाय.