सर केयच्या कसोटीवर : टी. एच. व्हाइट यांची आर्थरकथा

ब्रिटनच्या दंतकथांमधला आर्थर राजा आणि त्याच्या गोल मेजाभोवती बसणारे सरदार यांच्या कथा इंग्रजीत इतक्यांनी नव्याने सांगितल्या आहेत की, मुंबईत फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या थप्प्यांसमोर उभ्या राहिलेल्या वाचकाने नेमके कोणते पुस्तक उचलावे, हा प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. एकच घ्यायचे असेल तर टेरेन्स हॅनबरी व्हाइट यांचे ‘द वन्स अँड फ्यूचर किंग’ घ्यावे, असे माझे मत आहे. या शिफारशीचे कारण आर्थर, त्याचा नामांकित सरदार लान्सलॉट किंवा जादूगार मर्लिन यांच्यात शोधायला मी जाणार नाही. ते आर्थरचा मानलेला भाऊ सर केय या दुय्यम, काहीशा नावडत्या पात्रात आहे.

व्हाइट यांचा जन्म 29 मे 1906 रोजी मुंबईत झाला, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. वडील हिंदुस्थानातील पोलीस खात्यात अधिकारी होते. मुलगा पुढे इंग्लंडमध्ये वाढला, स्टो येथील शाळेत इंग्रजी शिकवू लागला आणि नोकरी सोडल्यावर पूर्णवेळ लेखनाकडे वळला. ‘द सोर्ड इन द स्टोन’ हा पहिला भाग 1938 मध्ये आला, दुसरा 1939 मध्ये, तिसरा 1940 मध्ये. चौथ्या भागाची भर घालून आणि आधीचे भाग बरेच बदलून एकत्रित ग्रंथ 1958 मध्ये प्रसिद्ध झाला. मधली वर्षे महायुद्धाची होती आणि ती व्हाइट यांनी आयर्लंडमध्ये काढली. पुस्तकाचा स्वर भागागणिक का काळवंडत जातो, याचा उलगडा या तारखांवरून बऱ्याच अंशी होतो.

आता केयविषयी. हे पात्र लान्सलॉटपेक्षा कितीतरी जुने आहे. लान्सलॉट आणि आर्थरची राणी ग्वेनेव्हर यांचे प्रेमप्रकरण बाराव्या शतकात क्रेतियँ द त्र्वा या फ्रेंच कवीने कथेत आणले. केय मात्र त्याआधीपासून वेल्श परंपरेत ‘केई’ या नावाने वावरत होता आणि तिथे तो पहिल्या फळीचा वीर होता. ‘कुल्हुख आणि ओल्वेन’ या जुन्या वेल्श कथेत त्याच्या अंगच्या करामती दिल्या आहेत: तो नऊ दिवस नऊ रात्री पाण्याखाली श्वास रोखून राहू शकतो, मनात आणले तर झाडाएवढा उंच होतो आणि त्याच्या अंगात एवढी धग असते की कितीही मुसळधार पाऊस कोसळत असला तरी त्याच्या हातातली वस्तू भिजत नाही. (जुलै महिन्यात दादरच्या पुलावरून जाताना हा वर आपल्यालाही मिळावा असे कोणाला वाटणार नाही?) पुढे फ्रेंच कवींच्या हाती तो तिरकस बोलणारा, बढाईखोर आणि हटकून घोड्यावरून खाली पडणारा कारभारी झाला. टॉमस मॅलरी यांच्या ज्या ग्रंथावर, म्हणजे विल्यम कॅक्स्टन यांनी 1485 मध्ये छापलेल्या ‘ल मॉर्त दार्थर’वर, बहुतेक आधुनिक पुनर्कथने उभी आहेत, त्यातही केयला हेच खवचटपण मिळाले आहे. अशा घसरत गेलेल्या पात्राचे लेखक काय करतो, त्याला हसून मोकळा होतो, वगळतो की माणूस म्हणून पाहतो, यावरून त्या पुनर्कथनाची जात कळते, असे मला वाटते.

व्हाइट यांनी ही परीक्षा पहिल्याच पानावर दिली आहे. केयचे वडील सर एक्टर यांच्या वाड्यात केय आणि ‘वॉर्ट’ ही दोन मुले एकत्र शिकत असतात. वॉर्ट म्हणजे पुढचा आर्थर, पण हे अजून कोणालाच माहीत नाही. शिकवणाऱ्या बाईंचा आकाशातील ग्रह मोजण्याच्या यंत्राशी गोंधळ उडतो आणि त्या वैतागून वॉर्टच्या बोटांवर छडी मारतात. केयच्या बोटांवर मात्र मारत नाहीत, कारण मोठेपणी तो सर केय, म्हणजे या सगळ्या इस्टेटीचा धनी होणार असतो. वॉर्टला ते टोपणनाव केयनेच दिलेले असते; केयला स्वतःला टोपणनाव नसते, कारण ते त्याच्या इभ्रतीला शोभणारे नसते आणि कोणी द्यायचा प्रयत्न केला असता तर तो संतापाने लाल झाला असता. घरातला हक्काचा मुलगा आणि घरात वाढवलेला मुलगा यांच्यातले सारे अंतर या दोन-चार वाक्यांत उभे राहते, आणि लेखक कोणावरही डोळे वटारत नाही.

त्यानंतर कली नावाच्या शिकारी बाजाचा प्रसंग येतो. केय हट्टाने त्याला बाहेर काढतो, पक्षी हाताबाहेर जाऊन झाडावर बसतो, केयचे डोके फिरते आणि असला निकामी पक्षी गेला तर जाऊ दे म्हणून तो घरी निघून जातो. त्या पक्ष्यावर सांभाळणाऱ्या माणसाने किती मेहनत घेतली आहे, हे आठवून वॉर्ट रानात मागे राहतो, आणि त्यातूनच त्याची मर्लिनशी गाठ पडते. व्हाइट यांनी स्वतः बाज शिकवण्याचा खटाटोप केला होता. त्या अनुभवाचा नेमकेपणा या पानांत उतरला आहे.

मर्लिन वॉर्टला मासा, पक्षी, मुंगी बनवून शिकवतो हे अनेकांना ऐकून ठाऊक असते. त्या शिक्षणातून केयला वगळले जाते आणि ते त्याला झोंबते, हे मात्र क्वचित सांगितले जाते. आपल्या भावालाही एखादे साहस मिळावे म्हणून वॉर्ट मर्लिनपाशी रदबदली करतो, मर्लिन दोघांनाही रॉबिन वुडच्या (म्हणजे आपल्या ओळखीच्या रॉबिन हूडच्या) टोळीकडे धाडतो, आणि त्या मोहिमेत गरुडाच्या तोंडाचा आणि सिंहाच्या धडाचा ग्रिफिन मारण्याचा मान केयकडे जातो. लेखकाने केयला दिलेला हा वाटा मला फार मोलाचा वाटतो, कारण यामुळे पुढचा प्रसंग नुसता खलनायकाची फजिती होऊन राहत नाही.

तो प्रसंग म्हणजे लंडनमधल्या तलवारीचा: दगडावरच्या ऐरणीत रुतलेली ही तलवार जो उपसेल तोच राजा होणार असतो. स्पर्धेच्या दिवशी केय आपली तलवार मुक्कामाच्या जागी विसरून येतो आणि ती आणायला वॉर्टला पिटाळतो. मुक्कामाची जागा बंद असते, म्हणून वॉर्ट चर्चच्या आवारात ऐरणीत रुतलेली तलवार उपसून आणतो. केय ती ओळखतो आणि आपणच ती काढली असे वडिलांना सांगतो. वडील त्याला पुन्हा विचारतात, त्याच्याकडे पाहतात, आणि केय कबूल करतो की आपण खोटे बोललो, तलवार वॉर्टने काढली. कबुली मॅलरींच्या ग्रंथातही आहे, पण तिथे ती घटनेची एक पायरी आहे. इथे दोनशेहून अधिक पाने आपण या मुलाबरोबर राहिलेलो असतो, त्यामुळे हातात आलेले राज्य एका वाक्याने सोडताना त्याला किती जड गेले असेल याचा अंदाज आपल्याला येतो. वडील आणि भाऊ गुडघे टेकतात आणि होणारा राजा रडू लागतो.

मराठी वाचकाला इथे ‘मृत्युंजय’मधील शोण आठवल्यावाचून राहणार नाही. शिवाजी सावंतांनी 1967 च्या त्या कादंबरीत अधिरथ-राधेच्या पोटच्या मुलाला निवेदकांमध्ये स्थान दिले, आणि शोणाने थोरल्या भावावर केलेली माया वाचकांनी मनापासून स्वीकारली. केय नेमका याच्या उलट जागी उभा आहे: परका मुलगा घरात येतो तेव्हा सख्ख्या मुलाला मत्सर वाटणे हीच स्वाभाविक गोष्ट आहे, हे व्हाइट नाकारत नाहीत, आणि तरीही त्याचा चांगुलपणा शाबूत ठेवतात. दोन्ही लेखकांचे रस्ते वेगळे आहेत. मला व्यक्तिशः केय अधिक खरा वाटतो.

दुसऱ्या भागात केय पुन्हा एकदा महत्त्वाच्या जागी येतो. युद्ध कधी योग्य ठरते, यावर चर्चा चालू असताना तो सुचवतो की एखाद्या राजाला जगण्याची नवी, उत्तम पद्धत सापडली आणि लोक ती आपण होऊन घेत नसतील, तर तलवारीच्या जोरावर ती लादणे योग्यच नाही का? मर्लिन काळाच्या उलट दिशेने जगत असल्यामुळे विसावे शतक त्याने आधीच पाहिलेले आहे. तो भडकून सांगतो की आपल्या तरुणपणी असाच एक ऑस्ट्रियन माणूस होता; रोख अर्थातच हिटलरकडे आहे. हा सवाल दुष्ट माणसाच्या तोंडी न घालता केयसारख्या सरळ, बेताच्या बुद्धीच्या, बऱ्या हेतूच्या सरदाराच्या तोंडी घातला आहे, यात व्हाइट यांचे राजकीय भान दिसते.

इतर पात्रांपैकी ऑर्कनी बेटांवरच्या राजघराण्यातले भाऊ विसरता येत नाहीत. गवेन, ॲग्रावेन, गाहेरिस आणि गॅरेथ ही चार मुले आपली आई मॉर्गॉज हिचे लक्ष वेधून घ्यावे म्हणून एकशिंगी प्राण्याची शिकार करायला जातात. स्वयंपाकघरातल्या एका मुलीला आमिष म्हणून झाडाला बांधतात, तो देखणा प्राणी विश्वासाने येऊन तिच्या मांडीवर डोके ठेवतो, आणि ॲग्रावेन बेभान होऊन त्याला भोसकतो. नंतर त्यांचे त्यांनाच भरून येते, पण आता डोके तरी घरी न्यायला हवे म्हणून ते कसेबसे कापून, चिखलातून फरफटवत आणतात. किल्ल्यात पोहोचेपर्यंत त्याची ओळख पटू नये अशी दशा झालेली असते, आणि आई शेजारून जाते तरी तिचे तिकडे लक्षच जात नाही. पुढे या भावांच्या हातून जे रक्तपात होतात त्यांचे मूळ या पाच-सहा पानांत आहे. लान्सलॉटला कुरूप आणि स्वतःतल्या क्रौर्याला भिणारा दाखवण्याची कल्पनाही धाडसी आहे, पण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

दोषही सांगायला हवेत. केयला इतक्या मेहनतीने घडवून तिसऱ्या आणि चौथ्या भागात लेखक त्याला जवळजवळ विसरतो, ही माझी मोठी तक्रार. स्त्रिया हा दुसरा कच्चा दुवा आहे: मॉर्गॉज ही आई कमी आणि चेटकीण जास्त आहे, आणि राणी ग्वेनेव्हर उतारवयातच कुठे जिवंत होते. तिसरा दोष मुंबईकराला विशेष खटकावा असा आहे. सर पॅलोमिडीस या अरब सरदाराच्या तोंडी व्हाइट यांनी जी अवजड, म्हणी-वचनांनी लडबडलेली इंग्रजी घातली आहे, ती साहेबांच्या विनोदातल्या ‘बाबू इंग्रजी’ची सरळ आठवण करून देते. मॅलरींनी या परधर्मी सरदाराला शौर्य आणि विफल प्रेमाचे दुःख देऊन उभे केले होते. आपल्या शहरात जन्मलेल्या लेखकाने त्याला नकली श्वापदाच्या सोंगात शिरणारा विदूषक करून टाकावे, हे बरे वाटत नाही. लेव ग्रॉसमन यांच्या ‘द ब्राइट सोर्ड’ या 2024 च्या कादंबरीत पॅलोमिडीसला बगदादचा भूतकाळ आणि स्वतःचा आब परत मिळाला आहे. ज्यांना व्हाइट यांचा हा भाग खुपेल त्यांनी ती जरूर पाहावी.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. रोझमेरी सटक्लिफ यांचे 1963 चे ‘सोर्ड ॲट सनसेट’ जादू काढून टाकून रोमन सत्तेनंतरचा ब्रिटन उभा करते. गंभीर, संथ आणि उत्तम. बर्नार्ड कॉर्नवेल यांची 1995 पासून आलेली तीन पुस्तके लढायांसाठी वाचावीत. त्यांचा लान्सलॉट भित्रा आणि दिखाऊ आहे, हा बदल मजेदार आहे. मॅरियन झिमर ब्रॅडली यांचे 1983 चे ‘द मिस्ट्स ऑफ ॲव्हलॉन’ कथा स्त्रियांच्या बाजूने सांगते आणि व्हाइट यांची उणीव भरून काढते, पण ते लांबते. केयच्या कसोटीवर मात्र यांपैकी एकही व्हाइट यांच्या जवळपास येत नाही.

आता खरेदीविषयी. माझी प्रत फाउंटनजवळच्या पदपथावरची, जुनी, कागदी बांधणीची आहे आणि घासाघीस करून ती नव्या प्रतीच्या निम्म्याहून कमी किमतीत पडली. एवढ्या जाड पुस्तकाची पाठ आपल्या हवेत लवकर सुटते, म्हणून विकत घेण्याआधी मधोमध उघडून डिंक धरून आहे का ते पाहावे आणि शेवटची पाने मोजून घ्यावीत. टाइप बारीक आहे. गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून हे वाचता येणार नाही, त्यासाठी बसायला जागा किंवा रविवारची दुपार हवी. इंग्रजी अधूनमधून अवघड आहे, विशेषतः शिकार, ससाणे आणि चिलखते यांचे शब्द, पण ते ओलांडून गेले तरी कथेचा धागा तुटत नाही. ‘द सोर्ड इन द स्टोन’ सुटे मिळाले तर ते 1938 चे मूळ रूप आहे की 1958 चे बदललेले, हे तपासावे: डिस्नेच्या 1963 च्या चित्रपटात दिसणारी चेटकीण मॅडम मिम फक्त जुन्या रूपात आहे, तर मुंग्यांचे आणि हंसांचे प्रकरण नव्या रूपात. ‘द बुक ऑफ मर्लिन’ हा पाचवा भाग लेखकाच्या मृत्यूनंतर 1977 मध्ये निघाला आणि काही अलीकडच्या आवृत्त्यांत तो जोडलेला असतो. मुंग्या-हंसांची प्रकरणे मुळात त्यातलीच असल्यामुळे पुनरुक्ती होते, तेव्हा त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरज नाही. चार भागांची जुनी प्रत मिळाली तर तीच घ्यावी.