भिंतीतला पंखा की हूड? मालवणातल्या एका खानावळीचा अनुभव

खानावळ टाकताना स्वयंपाकघरातल्या हवेचा विचार सगळ्यात शेवटी येतो, आणि तोवर हातातले पैसे संपलेले असतात. म्हणून बरेच जण भिंतीला भोक पाडून एग्झॉस्ट पंखा बसवतात. मीही तेच केलं. तीन पावसाळे त्यावर काढले, मग हूड (शेगडीवरचं धूर ओढणारं छत), डक्ट (धूर बाहेर नेणारी नळी) आणि ब्लोअर (हवा ओढणारा जोरदार पंखा) घातला.

पंख्याला नावं ठेवणार नाही. अर्ध्या दिवसात लागतो, बिघडला तर गावातलाच वायरमन सुधारतो. दसऱ्यापासून मे अखेरपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. चहा आणि वडा-उसळीपुरता धंदा असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

घोळ जूनमध्ये होतो. माझी बाहेरची भिंत समुद्राकडची, म्हणून भोकही तिथेच. नैर्ऋत्येचा वारा सुटला की पंख्याच्या झडपा फटाफट आपटायच्या, आतली हवा बाहेर जायच्या ऐवजी बाहेरचीच आत घुसायची, आणि पावसाचे शिंतोडे थेट सुरमईच्या तव्यावर. तापलेल्या तेलात पाणी म्हणजे काय ते सांगायला नको. "पंखो बंद कर रे, पाणी येता आत!" आचारी ओरडायचा, आणि पोऱ्या भोकात गोणपाट कोंबायचा. एकदा कोंबलं की ते गणपतीपर्यंत तिथेच. खिडक्या आधीच लावलेल्या. आत तीन गॅसभट्ट्या आणि बांगडे भाजायची कोळशाची शेगडी.

दुपारी तीनच्या सुमारास सगळ्यांचीच डोकी जड व्हायची. मी जागरणाला, उकाड्याला दोष देत होतो. पण पडवीत तासभर बसलं की हलकं वाटायचं, आणि सुट्टीच्या दिवशी दुखायचंच नाही. तेव्हा कुठे शंका आली. कोळसा राख धरून लाल फुलला की धूर जवळजवळ थांबतो, आपल्याला वाटतं आता हवा स्वच्छ. पण डोकं दुखवणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, तेव्हाही निघत असतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. गॅसगळतीचा अलार्म त्याच्यासाठी नसतो. वेगळा अलार्म घ्यावा, मीही घेतला, पण तो गप्प म्हणजे सगळं ठीक असं धरू नका. अमेरिकी यूएल २०३४ मानकाचा अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ७० भाग) पहिला तासभर वाजतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घरातल्या हवेसाठी आठ तासांची मर्यादा दिली ती घनमीटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ९ पीपीएम.

हूडचा खर्च मला पंख्याच्या कितीतरी पट आला. जाळ्या दर आठवड्याला सोड्याच्या गरम पाण्यात टाकाव्या लागतात, ब्लोअरचा आवाज असतो, आणि खाऱ्या हवेत जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याचं काय होतं ते इथल्या माणसाला माहीत आहे, स्टेनलेसच घ्या. बाहेरची हवा आत यायला वाट ठेवा, नाहीतर ब्लोअर नुसता घरघरतो. मी मागच्या दाराच्या खालच्या अर्ध्या भागात जाळी बसवली.

पण हूड आगीच्या डोक्यावर असतो. तापलेली हवा खोलीभर पसरण्याआधीच बरीचशी तो उचलतो आणि टोपी घातलेल्या डक्टमधून छपरावर सोडतो. वारा तिथेही असतो, पण उलटा आत आलेला मला तरी अजून दिसला नाही. शेगडीही आता हूडखालीच ठेवतो. मोजमाप विचाराल तर माझ्याकडे एकच आहे: पहिल्याच पावसाळ्यात तीन वाजताची डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं आणणं बंद झालं. तुमची भिंत पूर्वेकडे असेल, कोळसा नसेल, तर कदाचित पंखाही पुरेल.

माझा जुना पंखा मी पूर्वेच्या भिंतीत, भांडी घासायच्या मोरीवर लावलाय. तिथे झडपा वाजत नाहीत.