डोक्याच्या ऑपरेशननंतर तोल परत मिळवून देणारं रत्नागिरीतलं फिजिओथेरपी केंद्र

मेंदूचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाला कोकणात कुणाकडे न्यायचं, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून रत्नागिरी शहरातल्या या छोट्या फिजिओथेरपी केंद्राकडे बोट दाखवते. दोन खोल्या, एक मॅडम, हाताखाली एक मुलगी. मोठी यंत्रं नाहीत. पण ऑपरेशननंतर जे महिनोन् महिने रेंगाळतं ते काय असतं, हे या बाईंना नीट माहीत आहे, आणि पेशंटला ते सांगायला त्यांच्याकडे वेळ आहे. मला तरी हे दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

मी पावसच्या बाजूला एका वाडीत राहते, ब्लाउज आणि परकर-पोलकी शिवते. माझ्या उजव्या कानाच्या आतल्या नसेवर गाठ होती. अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात तिला, रिपोर्टवर वेस्टिब्युलर श्वानोमा असं लिहिलेलं असतं. कॅन्सर नव्हे, सावकाश वाढणारी गाठ. पण माझी ३ सेंटिमीटरच्या वर गेली होती आणि मेंदूच्या देठाला टेकत होती, तेव्हा थांबण्यात अर्थ नव्हता. ऑपरेशन मुंबईत झालं. गाठ काढली, जीव वाचला, त्या सर्जनचे उपकार मी विसरणार नाही. पण घरी आले ती उजवा कान पूर्ण गेलेला, त्याच कानात रात्रंदिवस शिट्टी, तोंडाची उजवी बाजू लोंबलेली, उजवा डोळा मिटत नाही आणि चार पावलं टाकली की अंग उजवीकडे झुकतंय, अशी. डिस्चार्ज कार्डवर या सगळ्यासाठी दोनच ओळी होत्या: फिजिओथेरपी करावी, डोळ्याची काळजी घ्यावी. कुठे, कशी, किती दिवस, काही नाही. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, टाके वाळले ना, मग झालीस की बरी! टाके तर कधीच वाळले होते. बरं वाटत नव्हतं ते वेगळंच होतं आणि ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते.

मॅडमनी पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. आधी विचारलं, खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं काही गळतं का? घशात खारट लागतं का? ताप, मान आखडणं, कानामागच्या जखमेला ओल, असं काही? यातलं एक जरी असेल तर माझ्याकडे यायचं नाही, तडक सर्जनला फोन करायचा, असं बजावून सांगितलं. मेंदूभोवतीचं पाणी गळत असेल तर मेंदूज्वराची भीती असते, म्हणून. तसलं काही नव्हतं, तेव्हा पुढे गेल्या.

मग चाचण्या. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. त्या मोबाईलवर वेळ लावतात. दोन्ही पावलं जुळवून डोळे मिटून उभं राहायचं. एका पावलापुढे दुसरं ठेवून उभं राहायचं. शेवटी डोळे मिटून जागच्या जागी पावलं मारायला लावली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी होते. मला वाटत होतं, अगदी सरळ उभी आहे. डोळे उघडले तर समोर खिडकी. उजवीकडे पुरती वळले होते आणि मला पत्ताच नाही! पोटात गोळा आला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काकी, ज्या बाजूची नस गेली त्या बाजूला माणूस असा वळतो. हे अपेक्षितच आहे. आता हे आपण वहीत लिहून ठेवू आणि महिन्याने परत बघू." त्या वहीबद्दल मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते. घरच्यांना आणि मला स्वतःला फरक दिसत नव्हता तेव्हा त्या वहीत तो दिसत होता.

का होतं हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की माझ्या सासूबाईंनाही कळलं. दोन्ही कानांच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते आणि मेंदू दोन्हीकडच्या खबरा ताडून बघतो. आता एकीकडून खबर येणंच बंद झालं. ती बाजू परत येणार नाही. पण उरलेला कान, डोळे आणि पायाचे तळवे यांच्यावर भागवायला मेंदू शिकतो. शिकतो तो मात्र हालचाल केली तरच. चक्कर येते म्हणून मान न हलवता पडून राहिलं की शिकणं थांबतं. चक्करीच्या गोळ्यांचंही तसंच. सुरुवातीला त्या लागतात, पण काही गोळ्या मेंदूला सुस्त ठेवतात आणि महिनोन् महिने घेत राहिलं तर हे शिकणं लांबतं. मॅडमनी स्वतः गोळी बंद केली नाही. माझ्यासमोर सर्जनला फोन लावून विचारलं आणि त्यांनी सांगितलं तशी हळूहळू कमी केली. ही शिस्त मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे प्रत्येक जण दुसऱ्याची औषधं बिनधास्त बंद करतो.

मुख्य व्यायाम दिसायला अगदी साधा. कागदावर काळ्या मार्करने जाड 'क' काढून भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवायचा. हातभर अंतरावर बसायचं, नजर त्या 'क'वर रोखायची आणि मान डावी-उजवी हलवायची, नाही नाही म्हणतो तशी. अक्षर स्पष्ट दिसलं पाहिजे, ते धावायला लागलं की वेग थोडा कमी करायचा. पहिल्या आठवड्यात मला मळमळून यायचं, घामाने पाठ भिजायची. थोडी चक्कर आली पाहिजे, पण बसल्यावर काही मिनिटांत ती ओसरली पाहिजे, तासभर राहिली तर डोस जास्त झाला, असं माप त्यांनी दिलं होतं. पुढे तोच व्यायाम उभं राहून, मग पावलं जुळवून, मग उशीवर उभं राहून. पडवीच्या भिंतीवर तो 'क' अजून आहे. पावसात कागद दमट होऊन गळून पडला की पोरं नवीन चिकटवतात.

पण या केंद्राची खरी किंमत मला कळली ती मॅडम घरी आल्या तेव्हा. आमचं घर रस्त्यापासून खाली, जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी उतरून जावं लागतं, मध्ये वहाळ आणि त्यावर साकव. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर मी बऱ्यापैकी चालायला लागले होते, पण पाखाडीवर एकटीने पाऊल टाकायचं धाडस होत नव्हतं. मॅडम पाखाडी वरून खालपर्यंत स्वतः चालल्या, कुठली पायरी हलते, कुठे शेवाळ धरतं ते बघितलं आणि यजमानांना सांगितलं की डाव्या बाजूने बांबूचा कठडा बांधा आणि शेवाळ खरवडून काढा. मग व्यायाम तिथेच. आधी सकाळी, कोरड्या पायरीवर, पायाकडे न बघता समोरच्या फणसाकडे बघून उतरायचं. नंतर हातात रिकामी कळशी घेऊन. साकवावर थांबून मान वळवून खालचं पाणी बघायचं आणि परत समोर बघायचं. वाहत्या पाण्याकडे बघितलं की गरगरायचं, म्हणून तोच व्यायाम! अंधाराचंही त्यांनीच आधी सांगून ठेवलं. दिवे गेले की डोळ्यांचा आधार जातो आणि माझ्यासारख्याचा तोल तिथेच ढासळतो. म्हणून उशाशी बॅटरी, न्हाणीघराच्या वाटेवर चार्जिंगचा दिवा, आणि सडा टाकलेल्या खळ्यात रात्री चप्पल घालून जायचं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे दिवे जातात म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मुंबईच्या कुठल्या छापील कागदावर हे नसतं.

चेहऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच लोक सर्वात जास्त भरकटतात. गावात मला फुगे फुगव, च्युइंगम चघळ, जोरजोरात तोंड वाकवून बघ, असे सल्ले मिळाले होते. शेजारच्या तालुक्यातल्या एका ठिकाणी तर चेहऱ्याला करंट देऊ म्हणाले. मॅडमनी यातलं सगळं बंद करायला सांगितलं. चेहऱ्याची नस सावरत असताना जोर लावला तर भलत्याच जोड्या लागतात, हसलं की डोळा मिटतो, घास चावला की डोळ्यातून पाणी येतं. करंटचा तर फायदा नीट सिद्धच झालेला नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी आरशासमोर बसून अगदी बारीक हालचाली, चांगली बाजू बोटाने थोडी दाबून, दोन्ही ओठ सारखे हलतील इतक्याच. चेहऱ्याचा अशक्तपणा मोजायची १९८५ पासूनची हाउस-ब्रॅकमन नावाची पट्टी आहे, १ म्हणजे ठणठणीत, ६ म्हणजे काहीच हालचाल नाही. मी ४ वर होते, आता ३ वर आहे. कागदावर एकच आकडा, पण ४ मध्ये डोळा पूर्ण मिटत नाही आणि ३ मध्ये जोर लावला तर मिटतो. माझा डोळा ज्या दिवशी मिटला त्या दिवशी मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवला. नसेचा धागा तुटून पुन्हा वाढायचा असेल तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, हे मॅडमनी मला पट्टीवर दाखवलं होतं. तेव्हापासून महिना महिना वाट बघणं मला जड गेलं नाही.

डोळ्याचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं नाही, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दिवसा थेंब, रात्री जेल लावून पापणीला टेप, आणि किनाऱ्यावर किंवा गाडीवर जाताना बाजू झाकणारा चष्मा. खारा वारा आणि उडणारी वाळू उघड्या डोळ्याला फार वाईट. अशा ऑपरेशननंतर कधी कधी बुबुळाची संवेदनाही जाते, मग कचरा गेला तरी दुखत नाही, म्हणून दुखतंय का यावर विसंबायचं नाही, रोज आरशात लाली बघायची. लाल दिसला की त्याच दिवशी डॉक्टर. तसंच कानामागची कातडी बधिर असते, तिथे गरम पाण्याची पिशवी लावली तर भाजलेलं कळत नाही. कानामागे दुखायचं आणि मान आखडायची त्यासाठी मॅडमनी मानेचे हलके व्यायाम दिले, त्याने पुष्कळ फरक पडला. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. वारा फिरला की अजून ठणकतं.

थकव्याबद्दल कुणी बोलत नाही, त्या बोलल्या. मशीनवर बसले की थोड्या वेळात डोकं जड व्हायचं, संध्याकाळी पोरांवर चिडचिड व्हायची. त्यांनी सांगितलं, थकवा यायच्या आधी उठायचं, थकल्यावर नाही. मी मोबाईलवर २० मिनिटांचा गजर लावून शिवते आणि गजर झाला की टाका अर्धा असला तरी उठते. गणपतीत माटवाखाली भजन सुरू झालं की एका कानाने सगळा गोंगाट एकवट होतो. तेव्हा बहिऱ्या कानाकडे भिंत येईल अशी जागा धरायची, हे त्यांचंच. रस्त्यावर हॉर्न कुठून वाजतोय ते मला आता कळत नाही, म्हणून मी दोन्हीकडे बघितल्याशिवाय पाऊल टाकत नाही. कानातली शिट्टी तशीच आहे. ती जाईल असं खोटं आश्वासन त्यांनी दिलं नाही. रात्री पंख्याच्या आवाजात ती कमी बोचते, एवढं त्या म्हणाल्या, आणि ते खरं आहे.

आता तक्रारी. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला. जिथे तोल गेलेलीच माणसं यायची तिथे हे चालणार नाही. मी तोंडावर सांगितलं आहे, अजून काम झालेलं नाही. बाहेरच्या खोलीतली ट्यूबलाइट फडफडते, ताज्या ऑपरेशनच्या माणसाला तेवढ्यानेही गरगरतं. दिलेली वेळ पाळली जात नाही, तासभर बसावं लागतं आणि त्या नादात परतीची एसटी चुकते. केंद्रात एका वेळचे ४०० रुपये, घरी येण्याचे ७०० आणि रिक्षाभाडं वेगळं. आमच्यासारख्यांना ते जड आहे. पण मॅडमनी रोज या असं कधी म्हटलं नाही. व्यायाम घरी करून घ्यायला माझ्या मुलीला शिकवलं आणि मला १५ दिवसांनी बोलावू लागल्या. पेशंट अडकवून ठेवणारी माणसं बघितल्यावर याची किंमत कळते.

ज्यांना मणक्याचं किंवा गुडघ्याचं दुखणं आहे त्यांना शहरात दुसरीही चांगली ठिकाणं आहेत, त्यांनी इथे गर्दी करू नये असं मला मनापासून वाटतं. ज्यांचं डोक्याचं ऑपरेशन झालंय, चक्कर जात नाही, तोंड वाकडं आहे, आणि घरचे म्हणतायत की आता सगळं मनाचं आहे, त्यांनी जरूर जा. सर्जनने व्यायामाला परवानगी दिली की लगेच जा, आपोआप जाईल म्हणून वर्ष घालवू नका. सोबत डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोट, शेवटच्या एमआरआयचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या, त्या सगळं वाचतात. जिना चढताना धरायला एक माणूस बरोबर असू द्या आणि आधी फोन करून सकाळची पहिली वेळ मागून घ्या.