अवमान याचिकेपूर्वी घेतलेला लेखी कायदेशीर सल्ला: एका पक्षकाराचा अभिप्राय

सेवाज्येष्ठता यादीवरील माझ्या हरकतीवर सुनावणी घेऊन निर्णय द्यावा, असा आदेश उच्च न्यायालयाने माझ्या जिल्हा परिषदेला दिला होता. सुनावणी झाली, निर्णयही झाला, पण तो पुन्हा माझ्या विरोधातच गेला. हा न्यायालयाचा उघड अवमान आहे अशी माझी ठाम समजूत होती; तरीही अवमान याचिका दाखल करण्यापूर्वी, कागदपत्रे तपासून लेखी मत देणाऱ्या एका वकील कार्यालयाची सेवा मी घेतली.

त्यांचे मत माझ्या अपेक्षेच्या नेमके उलट निघाले आणि त्यासाठीच मी या सेवेची मनापासून शिफारस करतो. निर्णय घेण्याचा आदेश पाळला गेला की नाही, एवढेच अवमानाच्या कार्यवाहीत पाहिले जाते. घेतलेला निर्णय चुकीचा असला, तरी त्यातून दाद मागण्याचे नवे कारण निर्माण होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या परिहार प्रकरणात, तेही ज्येष्ठता यादीच्याच वादात, सांगितले आहे, हे त्यांनी माझ्या आदेशातील शब्दांशी ताडून दाखवले. मूळ आदेशात जे नाही ते अवमान याचिकेतून मिळवता येत नाही, आणि १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार दिवाणी अवमानासाठी (म्हणजे आदेश न पाळल्याच्या अवमानासाठी) अवज्ञा हेतुपुरस्सर असावी लागते, हेही त्यांनी स्पष्ट केले. जिल्हा परिषदेने निर्णयच घेतला नसता तर चित्र वेगळे असते, हा त्यांचा खुलासा मला सर्वांत उपयोगी वाटला.

उणिवाही आहेत. अवमानाची कार्यवाही सुरू करण्यासाठी याच कायद्याच्या कलम २० मध्ये असलेली एक वर्षाची मुदत शेवटच्या पानावर एका ओळीत उरकली आहे. पक्षकाराला ती सर्वांत आधी कळायला हवी. उलट, अवमानाच्या कार्यवाहीत वकिलाची सनद (वकिलीचा परवाना) निलंबित करता येत नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या निकालावर जवळजवळ एक पान खर्ची पडले आहे. तो निकाल महत्त्वाचा असला, तरी माझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध नव्हता. कलम १२ नुसार शिक्षेची कमाल मर्यादा सहा महिने साधी कैद आणि २,००० रुपये दंड एवढीच आहे, ही माहिती मात्र नेमक्या जागी आली आहे.

नव्या निर्णयाला आव्हान देणारी रिट याचिका मी आता दाखल केली असून तिचा मसुदाही याच कार्यालयाकडून करून घेतला आहे.